वॉर्डात फ्लू नेमका आणला कुणी?

पत्र असं आहे:

"डॉक्टर, माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. एका खासगी रुग्णालयात रविवारी ॲडमिट केलं, मंगळवारी ऑपरेशन झालं. सहा खाटांचा एसी वॉर्ड. दिवसा सासरे आणि धाकटे दीर आलटूनपालटून थांबायचे, रात्री मी. नणंद दुपारी तासभर येऊन जायची. शेजारच्या खाटेवरच्या आजी मंगळवारपासून खोकत होत्या, त्यांना नेब्युलायझरची वाफ चालू होती. शुक्रवारी संध्याकाळी माझा घसा धरला, शनिवारी सकाळी सासूबाईंना ताप भरला. रविवारपर्यंत आणखी दोन पेशंट आणि वॉर्डातल्या एक मावशी आजारी पडल्या. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. मग रुग्णालयाने सगळ्यांच्या भेटी बंद केल्या, आजारी चौघींना एकाच खोलीत कोंबलं आणि धडधाकट पेशंटनाही गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्या बिलात लागल्या. सासूबाई आता घरी आहेत, बऱ्या आहेत. पण नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, 'वहिनी, तुझ्या सर्दीनेच आईला हे झालं.' रुग्णालयातही हेच ऐकवलं की नातेवाईकच बाहेरून आजार घेऊन येतात. खरंच माझ्यामुळे झालं का? पुढच्या महिन्यात ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन तिथेच ठरलं आहे, ते करावं की पुढे ढकलावं? आणि नणंदेचं पाच महिन्यांचं बाळ आजीकडे कधी आणलेलं चालेल? – एक सून, लालबाग."

ताई, तुम्ही वार नीट लिहिलेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. महापालिकेच्या रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात असताना अशी चौकशी आली की आम्ही पहिल्यांदा कागदावर एक रेघ ओढून तिच्यावर वार मांडायचो. कोण कुणाला काय म्हणालं ते नंतर.

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, सरासरी दोन. सासूबाई रविवारी आत गेल्या आणि शनिवारी तापल्या, म्हणजे मधे सहा दिवस गेले. घरून विषाणू घेऊन त्या आल्या असण्याची शक्यता इथेच संपते. हा आजार त्यांना रुग्णालयातच लागला. आता तुमचं बघू. माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकतो. तुमचा घसा शुक्रवारी संध्याकाळी धरला, म्हणजे तुमच्यापासून धोका गुरुवार संध्याकाळच्या पुढे. गुरुवारी रात्री तुमच्याकडून सासूबाईंकडे गेला आणि शनिवारी सकाळी ताप आला, असं जुळवता येतं. अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. पण मंगळवारपासून हाताच्या अंतरावर एक बाई खोकते आहे, तिला वाफ दिली जाते आहे, आणि त्या खाटेच्या एका बाजूच्या तुम्ही आणि सासूबाई बारा-पंधरा तासांच्या फरकाने आजारी पडता. त्यापाठोपाठ त्याच खोलीतल्या आणखी दोघी. सरळ वाचन असं की तुम्ही दोघींनी एकाच हवेतून तो उचललात. तुम्हाला आधी कळलं, एवढंच.

मग त्या आजींना कुणी दिला? त्यांच्या नातवाने दिला असेल, कॅज्युअल्टीत शेजारी बसलेल्या कुणीतरी दिला असेल, किंवा त्याच मावशींनी, ज्या रविवारी 'आजारी पडल्या' असं तुम्हाला दिसलं, पण आदल्या रविवारपासूनच नाक ओढत काम करत असतील. विषाणूची जनुकीय तपासणी केली तर साखळी बरीच उलगडते, आणि कधीकधी तीत असंही दिसतं की एक वाटणारी साथ प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या वाटांनी शिरली होती. तुमच्या बाबतीत ती तपासणी कुणी करणार नाही आणि करायची गरजही नाही. 'कुणी आणला' हा प्रश्न माग काढण्यापुरता कामाचा. कुणाची गाठ कुणाशी पडली, आता कुणावर लक्ष ठेवायचं, हे ठरलं की तो सोडून द्यायचा.

नातेवाईकच आजार आणतात, असं जे तुम्हाला ऐकवलं, त्यात तथ्य आहे. पण ते वाक्य ज्या सुरात बोललं जातं त्याची मला चीड आहे. सासूबाईंना बेडपॅन कोण लावत होतं? कूस कोण बदलत होतं, पाणी कोण पाजत होतं, रात्री सलाइन संपल्यावर सिस्टरना हाक मारायला कोण धावत होतं? तुम्हीच ना? आपल्याकडच्या रुग्णालयांत, महापालिकेच्या असोत की खासगी, निम्मी शुश्रूषा घरची माणसं करतात. ती वॉर्डात काम करणारी माणसंच आहेत, फक्त हजेरीपटावर त्यांचं नाव नसतं. सिस्टरना हात कधी धुवायचे, मास्क कसा लावायचा, ताप आला तर कामावर यायचं नाही, हे शिकवलेलं असतं. तुम्हाला रात्री थांबताना कुणी विचारलं का, 'ताई, सर्दी-ताप नाही ना?' माझा अंदाज, पास तपासला असेल, बाकी काही नाही.

ह्याची किंमत दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये मोजली. आखातातून परतलेल्या एका प्रवाशाला मर्स हा श्वसनाचा गंभीर आजार झालेला. निदान होईपर्यंत तो एकापाठोपाठ एक दवाखाने हिंडला, आणि शेवटी देशात १८६ रुग्ण आणि ३८ मृत्यू झाले. जवळजवळ सगळा प्रसार रुग्णालयांतच. तिथेही आपल्यासारखीच पद्धत, पेशंटजवळ घरचं माणूस राहतं आणि भेटायला अख्खं गणगोत येतं. सोलमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एकच पेशंट तीन दिवस होता, त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली. त्यांत ३३ पेशंट, ८ कर्मचारी आणि ४१ पेशंटसोबत किंवा भेटीला आलेली माणसं. निम्मे नातेवाईक! ज्यांना कुणी कर्मचारी म्हणून मोजत नव्हतं, नियम शिकवत नव्हतं, तीच माणसं सर्वांत जास्त सापडली. हा आकडा मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायचे, आणि तरीही आपल्याकडे वॉर्डाच्या दारावर 'भेटीची वेळ ४ ते ६' ह्यापलीकडे फलक नसतो.

आता मावशींबद्दल. बहुतेक ठिकाणी मावशी, वॉर्डबॉय, सफाईवाले कंत्राटी असतात. रजा घेतली तर रोज बुडतो. अंगात ताप असताना क्रोसिन घेऊन बदलापूरहून लोकल पकडून ती बाई येणारच, आणि सहा खाटांच्या चादरी तीच बदलणार. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतलं एक बडं खासगी रुग्णालय डझनावारी परिचारिका आणि काही डॉक्टर कोविडने बाधित निघाल्यामुळे बंद करावं लागलं होतं. त्या काळात आम्हाला पुन्हा पुन्हा एक दिसलं. पेशंटजवळ सगळे सज्ज असायचे, आणि मग चहाच्या खोलीत, हॉस्टेलवर, कपडे बदलायच्या कोंदट जागेत मास्क काढून एकत्र बसायचे. लागण तिथे व्हायची. रुग्णालयाची संसर्ग-नियंत्रण समिती कितीही चांगली असो, तापलेल्या मावशींना पगारी रजा नसेल तर ती समिती कागदावरच राहते. माझ्या मते कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा हा खर्च आधी करावा.

हवेचं थोडं सविस्तर सांगते, कारण हर्नियाचा निर्णय त्यावर बराच अवलंबून आहे.

खोकल्याबरोबर मोठे थेंब उडतात ते मीटर-दोन मीटरवर खाली बसतात. पण खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानाही बारीक कण बाहेर पडतात. बंद खोलीत उदबत्ती लावली की ती देवघरात असली तरी थोड्या वेळाने दारापर्यंत वास येतो, तसे हे कण तरंगत राहतात आणि खोलीभर होतात. पूर्वी आम्ही कणाच्या आकाराची पाच मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रेघ मारून 'थेंबांचे आजार' आणि 'हवेतून पसरणारे आजार' असे दोन वेगळे कप्पे शिकवायचो. कोविडनंतर ते टिकलं नाही, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हे कप्पे बाजूला ठेवून लहानमोठे सगळे कण एकाच साखळीतले मानले. फ्लू जवळून जास्त पसरतो हे खरंच, पण कोंदट खोलीत तो दूरही पोचतो. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान बिघाडामुळे धावपट्टीवर तीन तास अडकलं, आतली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती, आणि आत एक फ्लूची रुग्ण होती. पुढच्या तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले.

तुमच्या वॉर्डात दोन गोष्टी जुळून आल्या. एक नेब्युलायझर. त्याने औषधाचं धुकं होतं, पेशंट जास्त खोकतो आणि खोलीत कण वाढतात. २००३ मध्ये सार्स ह्या श्वसनाच्या आजाराच्या साथीत हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात एका वॉर्डातून १३८ जणांना लागण झाली, त्यांत निम्मे रुग्णालयाचेच कर्मचारी होते. पहिल्या पेशंटला नेब्युलायझर चालू होता आणि संशय त्याच्यावरच गेला. खोकणाऱ्या पेशंटला शक्य असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी) लावून पंप द्यावा, वाफ द्यायचीच असेल तर वेगळ्या खोलीत द्यावी. सहा खाटांच्या मधोमध नको.

दुसरी गोष्ट एसी. आपल्याकडच्या नर्सिंग होममध्ये भिंतीवर जो स्प्लिट एसी असतो तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. लोकांना वाटतं एसी म्हणजे स्वच्छ हवा, वर जादा पैसेही मोजतात. संसर्गाच्या रुग्णांसाठीच्या खोलीत तासाला बारा वेळा हवा बदलावी असा नवीन बांधकामाचा दंडक आहे. तेवढी बदलली तर हवेतले ९९ टक्के कण साधारण २३ मिनिटांत निघून जातात. तासाला दोनदाच बदलली तर त्याच कामाला १३८ मिनिटं लागतात, आणि तोवर खोकणारा माणूस गप्प बसलेला नसतो. पेरूमधल्या लिमा शहरात २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तिथल्या जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत खिडक्या उघड्या ठेवल्या तर तासाला सरासरी ४० वेळा हवा बदलायची, नव्या ठेंगण्या खोल्यांत १७ वेळा. परळच्या केईएमसारख्या दगडी इमारती ज्यांनी बांधल्या त्यांना विषाणू दिसलेला नव्हता, पण हवेचं त्यांना कळत होतं. पुढे जमिनीवरही पेशंट झोपवायची वेळ आली, तो दोष इमारतीचा नाही.

हातांचं मात्र विसरू नका, विशेषतः बाळाचा प्रश्न आहे म्हणून. लहान मुलांना बेजार करणारा आरएसव्ही नावाचा विषाणू आहे. अमेरिकेत कॅरोलिन हॉल ह्यांनी १९८१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांनी आजारी बाळांना कडेवर घेतलं, काहींनी बाळ नसताना फक्त त्याच्या पाळण्याला, आसपासच्या वस्तूंना हात लावले, काही जण नुसते सहा फुटांवर बसले. कडेवर घेणाऱ्या सातांपैकी पाच जणांना लागण झाली. नुसते हात लावणाऱ्या दहांपैकी चौघांना. बसून राहिलेल्या चौदांपैकी एकालाही नाही. प्रत्येक विषाणूचा मार्ग असा थोडा वेगळा. फ्लूचा विषाणू स्टीलच्या, प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर दिवस-दीड दिवस तग धरू शकतो, कापडावर काही तास. म्हणून खाटेचा कठडा, सलाइनचा स्टँड, बेल आणि सर्वांत आधी स्वतःचा मोबाइल. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद चोळायचं. जेवायला डबा उघडण्याआधी तरी नक्की.

आता रुग्णालयाने जे केलं त्याबद्दल. तुम्हाला ते कोंबाकोंबी वाटलं, पण चौघींनाही तोच विषाणू आहे असं तपासणीतून कळल्यावर त्यांना एका खोलीत ठेवणं बरोबरच होतं. प्रत्येकीला वेगळी खोली मिळाली असती तर उत्तम, पण तेवढ्या खोल्या मुंबईत कुणाकडे आहेत! तपासणी न करता 'खोकणारे सगळे एकत्र' असं केलं असतं तर मी तुमच्या बाजूने भांडले असते, कारण मग एकीचा फ्लू दुसरीला आणि दुसरीचा कोविड पहिलीला. धडधाकट पेशंटना दिलेल्या गोळ्या बहुतेक ओसेल्टामिविर ह्या फ्लूवरच्या औषधाच्या असणार. ती उपचाराला देतात तशी, संपर्कात आलेल्या नाजूक प्रकृतीच्या माणसांना आजार होऊ नये म्हणूनही देतात. उपचारात दिवसातून दोनदा, प्रतिबंधासाठी एकदा. वॉर्डात साथ लागली की हा मान्य मार्ग आहे. दोन-तीन दिवसांत एकाच खोलीत दोघांना सारखाच त्रास झाला की साथ धरून चालायचं आणि तिसऱ्याची वाट बघायची नाही. तुमच्या रुग्णालयाने इथे एक-दोन दिवस दवडले असं मला वाटतं. आजी मंगळवारपासून खोकत होत्या तेव्हाच त्यांची तपासणी व्हायला हवी होती, निदान मास्क आणि मधे पडदा तरी. बिलाचं म्हणाल तर वॉर्डात पसरलेल्या आजाराच्या प्रतिबंधाचा खर्च पेशंटवर टाकणं मला पटत नाही. तुम्ही एक साधं पत्र लिहा, संसर्ग-नियंत्रण समितीच्या नावाने, वारांसकट. पैसे परत मिळतील न मिळतील, पण त्या पत्राची नोंद ठेवावी लागते आणि पुढच्या वेळी आठवण राहते.

सरसकट भेटीबंदी मात्र चूक. खुब्याच्या ऑपरेशननंतर चौऱ्याहत्तरीच्या बाईला ओळखीचं माणूस दिसलं नाही तर ती भांबावते, रात्री उठून चालायला बघते, परत पडते. एकच ठरलेलं माणूस, रोज दारावर ताप-खोकल्याची विचारपूस, चांगला एन-९५ मास्क नाकावर (हनुवटीवर नव्हे), आणि त्याला हात धुवायला दाखवणारी सिस्टर. एवढं केलं की बाकीच्या बारा जणांना खुशाल दाराबाहेर ठेवा. नणंदबाईही रोज तासभर येतच होत्या, लोकलने नाहीतर बसने. त्यांच्यावर मी आरोप करत नाही. पण हिशेब मांडायचाच असेल तर तो सगळ्यांचा मांडावा लागेल, हे त्यांना माझ्या नावावर सांगा.

मिस्टरांचं ऑपरेशन. हर्निया तातडीचा नसेल, गाठ आत जाते, दुखत नाही, उलट्या नाहीत, तर थोडं थांबायला हरकत नसते. पण ते सर्जनना विचारूनच. गाठ अचानक कडक झाली, आत जाईनाशी झाली, तर पावसाळा-साथ काही बघू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मुंबईत फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि थंडीत एक छोटी लाट येते, म्हणून ऑगस्टमधल्या ऑपरेशनला थोडी जास्त सावधगिरी लागेल एवढंच. त्या रुग्णालयावर फुली मारा असं मी म्हणणार नाही. ज्यांनी साथ ओळखली आणि तपासणी केली ते, ज्यांच्याकडे 'अशी साथ कधी झालीच नाही' त्यांच्यापेक्षा मला बरे वाटतात. जिथे शोधत नाहीत तिथे सापडतही नाही.

ऑपरेशनआधी जाऊन संसर्ग-नियंत्रणाच्या सिस्टर कोण आहेत ते विचारा आणि त्यांनाच भेटा. नाव सांगताना रिसेप्शनवर कुणी डोकं खाजवू लागलं तर समजून घ्या. खोकणारा पेशंट आला तर कुठे ठेवता, वॉर्डाची खिडकी उघडते का, एक्झॉस्ट पंखा आहे का आणि तो चालू असतो का, हे बघा. हल्ली कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास आकडा असतो, खोलीत तो हजाराच्या वर सतत राहत असेल तर तिथे लोक एकमेकांनी सोडलेला श्वास घेत आहेत. डॉक्टरांना म्हणा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडता येईल असं बघा. बऱ्याच हर्नियांत ते जमतं. आणि मिस्टरांना आदल्या आठवड्यात साधी सर्दी-खोकला झाला तरी लपवू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कळायलाच हवं, शिवाय ताज्या टाक्यांवर खोकण्याइतकं वाईट काही नाही. लस आत्ताच द्या. फ्लूची लस लागू पडायला दोनेक आठवडे लागतात, तेवढा वेळ तुमच्याकडे आहे. खरं तर मुंबईकराने ती एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागायच्या आत घ्यावी. सासूबाई आणि सासरे ह्यांनाही डॉक्टरांना विचारून द्या. आत्ताच फ्लू होऊन गेला असला तरी लशीत इतर प्रकारही असतात.

राहिलं बाळ. मोठी माणसं लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण आठवडाभर विषाणू सोडू शकतात, वृद्ध आणि अशक्त माणसं त्याहून जास्त. सासूबाईंचा ताप जाऊन, औषध न घेता, काही दिवस झाले असतील, खोकला ओसरला असेल आणि आजार सुरू होऊन दोन आठवडे उलटले असतील तर बाळाला आणा. तुमचा घसाही तोवर पूर्ण बरा झालेला असू दे. पहिल्या भेटीत आजीने हात धुऊन मांडीवर घ्यावं, मुका पुढच्या वेळी. आणि नणंदबाईंना एक निरोप. बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत फ्लूची लस देता येत नाही, म्हणून तोवर ती बाळाच्या आईने घ्यायची असते. अंगावर पाजत असतील तरी चालते.